चावी कोणाकडे? रोवणीची गाणी, सानगडी आणि एफटीपी

आजचा भाग सानगडीहून रेकॉर्ड करतोय. मागे मधूनमधून कोंबडा आरवेल, एखादी मोटारसायकल जाईल, तेवढं चालवून घ्या. ज्यांचा डेटा संपलाय किंवा जे एसटीत बसल्यावर हेडफोन शोधत असतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं सगळं इथे लिहून देतोय. फक्त माझं अडखळणं काढलंय.

विषय आहे एफटीपी. म्हणजे आपल्याकडच्या फाइली वेबसाइटच्या सर्व्हरवर कशा चढवायच्या. नाव ऐकून निम्मे जण पुढच्या भागावर उडी मारतील, मला माहीत आहे. पण थांबा जरा. आधी हे सांगतो की मला याची गरज का पडली.

सानगडी म्हणजे भंडारा जिल्हा, साकोली तालुका. गावात किल्ला आहे, आसपास तलाव आहेत आणि बाकी सगळं धान. पावसाळ्यात पऱ्हे उपटून बांधीत रोवायचे दिवस आले की बायका ओळीनं वाकून रोवणी करतात आणि गातात. गायच्या, असं म्हणू. आता ओळीतल्या एकीच्या तरी फोनवर गाणं लागलेलं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कंबर त्यांची दुखते, माझी नाही. पण जुनी गाणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ज्यांना येतात अशा बाया आता मोजक्याच राहिल्यात. आम्ही चार-पाच जणांनी गेल्या दोन पावसाळ्यांत त्यांची 41 गाणी रेकॉर्ड केली. त्यातली 6 ज्या आजींनी म्हटली, त्या गेल्या उन्हाळ्यात वारल्या. ती सहा परत रेकॉर्ड करता येणार नाहीत.

याच आजींनी रेकॉर्डिंग झाल्यावर मला विचारलं होतं, "बाबू, हे कुठी ठेवशील? फोन पान्यात पडला त?"

प्रश्न एकदम बरोबर होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी गाणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. कोणी फोन बदलला, कोणी जागा कमी पडली म्हणून मीडिया साफ केला, आणि महिन्याभरात "अरे ते तिसरं गाणं कोणाकडे आहे रे?" सुरू झालं. म्हणून ठरवलं की गावाची एक साधी वेबसाइट करायची. गाणी, ती कोणी म्हटली, कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात, आणि किल्ल्याचे-तलावांचे थोडे फोटो.

आता गंमत बघा. गावाची एक वेबसाइट आधीही होती. मी शाळेत असताना मोठ्या मंडळींनी वर्गणी काढून शहरातल्या एका वेबसाइट बनवणाऱ्याकडून ती करून घेतली होती. दोन वर्षं चालली. मग त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं, होस्टिंगची मुदत संपली आणि साइट गेली. डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यात, एफटीपीचा पासवर्ड त्याच्याकडे. गावाकडे होती ती फक्त पैसे दिल्याची पावती. आम्ही इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधलं, तेव्हा चार पानांचा मजकूर सापडला. फोटो मात्र नाहीत. त्यात गावातल्या जुन्या जत्रेचे फोटो होते म्हणतात, आणि त्यांच्या मूळ प्रती कोणाकडेच नाहीत.

माझ्या डोक्यात एफटीपी म्हणजे हीच गोष्ट आहे. ते सॉफ्टवेअर शिकायला अर्धा तास लागतो. चावी कोणाकडे आहे, हा खरा मुद्दा.

तर आता चावी म्हणजे काय ते बघू. होस्टिंग घेतलं म्हणजे कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर तुम्ही भाड्यानं जागा घेतली. चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. कोणी तुमच्या साइटचा पत्ता टाकला की तो कॉम्प्युटर तुमच्या फोल्डरमधली फाइल उचलून त्याला पाठवतो. आता त्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची कशी? तिथपर्यंत पेन ड्राइव्ह घेऊन तर जाता येत नाही. त्यासाठी एफटीपी, फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. होस्टिंग घेतल्यावर जो मेल येतो त्यात चार गोष्टी असतात: सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट नंबर. या चार गोष्टी ज्याच्याकडे, वेबसाइट त्याच्या ताब्यात. तुमच्या ग्रामपंचायतीची, मंडळाची, बचत गटाची, दादाच्या दुकानाची साइट कोणी बनवून दिली असेल तर आजच फोन करून या चार गोष्टी मागा. "तुम्हाला काय करायच्या त्या?" असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा.

एक आडवळण घेतो. ही एफटीपी भलतीच जुनी आहे. एप्रिल 1971 मध्ये तिचा पहिला आराखडा लिहिला अभय भूषण यांनी. जन्म अलाहाबादचा, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला मुलगा, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत होता. त्या वेळी इंटरनेट नव्हतं, अर्पानेट होतं, मोजके कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. वेब यायला अजून जवळपास वीस वर्षं होती. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगममुळे. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट येण्याच्या चोवीस वर्षं आधी आपल्याच एका माणसानं फाइल चढवायचा रस्ता आखून ठेवला होता. हे कोणी शाळेत सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

जुनी असल्यामुळे तिच्यात एक मोठी खोट आहे. साधी एफटीपी तुमचा पासवर्ड उघडा पाठवते. पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. वाटेत, समजा कॅफेच्या वायफायवर, कोणी कान लावून बसलेला असेल तर तो सरळ वाचू शकतो. 1971 मध्ये सगळे एकमेकांना ओळखत होते, तेव्हा चाललं. आता नाही चालणार. म्हणून साधी एफटीपी वापरू नका. त्याऐवजी दोन पर्याय आहेत. एक एफटीपीएस, म्हणजे तीच एफटीपी पण कुलूपबंद नळीतून. दुसरा एसएफटीपी. नाव सारखं वाटलं तरी ही वेगळीच पद्धत आहे, ती एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीतून चालते. एफटीपीचा पोर्ट 21, एसएफटीपीचा 22. हा 22 कुठून आला माहीत आहे? फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच बनवलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर. एफटीपीचा 21 आणि टेलनेटचा 23, या दोन्ही जुन्या उघड्या पद्धतींची जागा घ्यायची होती, आणि मधला 22 मोकळा होता. त्यांनी मेल करून मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळाला. तेव्हा सरकारी कागदासारखे हेलपाटे नव्हते.

होस्टिंगवाल्याकडे एसएफटीपी असेल तर तीच घ्या. नसेल तर एफटीपीएस. दोन्ही नसेल तर होस्टिंगवाला बदला.

आता प्रत्यक्ष काम. मी लॅपटॉपवर फाइलझिला वापरतो. फुकट आहे, 2001 पासून आहे. उघडल्यावर डाव्या बाजूला तुमचा कॉम्प्युटर, उजव्या बाजूला सर्व्हर. डावीकडची फाइल ओढून उजवीकडे टाकली की चढली. उजवीकडची डावीकडे ओढली की उतरली. संपलं. खरंच एवढंच आहे. साइट मॅनेजरमध्ये त्या चार गोष्टी भरायच्या आणि कनेक्ट म्हणायचं. पहिल्यांदा जोडताना "या सर्व्हरवर विश्वास ठेवू का?" असं विचारतं, तेव्हा नाव तपासून हो म्हणायचं. पूर्वी क्रोम आणि फायरफॉक्समध्येसुद्धा एफटीपीचे पत्ते उघडायचे. 2021 मध्ये दोघांनी ते काढून टाकलं. त्यामुळे जुना व्हिडिओ बघून ब्राउझरमध्ये प्रयत्न करत असाल तर वेळ घालवू नका.

लॅपटॉप नाही? फोनवरूनही होतं. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोरर, सॉलिड एक्सप्लोरर, मटेरियल फाइल्स यांसारख्या फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्क किंवा रिमोट असा भाग असतो. तिथे एसएफटीपी निवडून त्याच चार गोष्टी भरा. आमच्या ग्रुपमधली एक ताई सगळी पानं फोनवरच बदलते. टाइप करताना अंगठा दुखतो म्हणते, पण चालतं.

उजवीकडे सर्व्हरवर बरेच फोल्डर दिसतात. घाबरू नका. बहुतेक ठिकाणी पब्लिक एचटीएमएल नावाचं एक फोल्डर असतं. जगाला दिसतं ते फक्त यातलं. त्याच्या बाहेर ठेवलेली फाइल साइटवर येत नाही. आणि मुख्य पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असावं लागतं, कारण नुसता साइटचा पत्ता टाकल्यावर सर्व्हर तेच नाव शोधतो.

नावांवरून आठवलं. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी साइट करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. पहिलं, बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर फोटो दिसतो आणि सर्व्हरवर चढवला की गायब होतो, तेव्हा दहात आठ वेळा हेच कारण असतं. कॅमेऱ्यानं नावाच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये लिहिलेलं असतं आणि पानात आपण स्मॉलमध्ये लिहितो. दुसरं, फाइलचं नाव देवनागरीत ठेवायचा मोह होतो. मलाही वाटतं की गाण्याच्या फाइलला गाण्याचंच नाव असावं. पण लिंक पाठवताना देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ इंग्रजी अक्षरांचं होतं. "सानगडी" या शब्दात काना, वेलांटी धरून सहा चिन्हं, म्हणजे लिंकमध्ये 54 अक्षरं. व्हॉट्सअॅपवर ती लिंक बघून लोकांना वाटतं की व्हायरस आहे. म्हणून फाइलची नावं साधी इंग्रजी, स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पानावर दिसणारा मजकूर मात्र पूर्ण मराठीत. डोमेनचं म्हणाल तर 2014 पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेन मिळतं, ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावं.

तिसरं, मजकुराची फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-आठ ठेवा आणि पानाच्या वरच्या भागात तसं लिहा. नाहीतर मराठीच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसते. आम्हाला गाण्यांचे शब्द एका डीटीपीवाल्याकडून टाइप होऊन मिळाले ते कृतिदेव फाँटमध्ये. हा जुना फाँट म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरांना मराठीचं सोंग चढवलेलं. युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय ते वेबवर चढवण्यात अर्थ नाही, गूगलला ते सापडतही नाही. बदलल्यावर एकदा डोळ्यांनी वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात.

बरं, आता ऑडिओ. गाणी मूळ रेकॉर्डिंगमध्ये डब्ल्यूएव्ही होती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण 10 एमबी खातो. तोच 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत मिनिटाला 1 एमबीच्या आसपास बसतो. साइटवर ऐकायला एमपीथ्री पुरे. पण मूळ डब्ल्यूएव्ही फेकायची नाही, ती पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर, अशी दोन ठिकाणी. व्हॉट्सअॅपमधून फिरून आलेलं गाणं मूळ म्हणून ठेवू नका. तिथे रेकॉर्डिंग व्हॉइस मेसेज म्हणून गेलं असेल तर आवाज आधीच दाबलेला असतो.

आणि चढवायला वेळ लागतो, हे मनाशी धरा. आपल्या मोबाइल नेटवर उतरवण्याचा वेग बरा असतो, चढवण्याचा त्याहून बराच कमी. समजा तुम्हाला 2 एमबीपीएस मिळतोय आणि फाइली 300 एमबीच्या आहेत. तर हिशोबानं 20 मिनिटं, आणि खरं तर जास्तच. मध्ये नेट गेलं तर? घाबरायचं नाही. फाइलझिला पुन्हा जोडून विचारतं: आधीची फाइल पुसून टाकू, की थांबली होती तिथून पुढे चढवू? पुढे चढव म्हणा. हे रिझ्यूम आमच्यासारख्या गावांत देवासारखं आहे. काम झालं की दोन्ही बाजूंचे आकडे बघा. डावीकडे फाइल जेवढ्या बाइटची, उजवीकडे तेवढ्याच बाइटची हवी. कमी असेल तर गाणं मध्येच तुटणार. आणि ट्रान्सफर टाइपमध्ये ऑटो किंवा बायनरी ठेवा. चुकून अॅस्की ठेवलं तर साध्या एफटीपीत ओळींची टोकं बदलली जातात. मजकुराला ते चालतं, पण गाण्याची आणि फोटोची फाइल खराब होते.

क्रमही सांगतो. आधी गाणी आणि फोटो चढवा, मग ज्या पानावर त्यांची लिंक आहे ते पान. उलटं केलं तर मधल्या वीस मिनिटांत कोणी साइट उघडली की त्याला तुटकी लिंक मिळते, आणि तो गावभर सांगतो की साइट बंद आहे.

एका श्रोत्यानं विचारलं होतं, "दादा, लॉगिन होतं, पण फोल्डरची यादीच येत नाही, नुसतं गोल फिरतं." हे समजून घेण्यासारखं आहे. एफटीपी एकाऐवजी दोन जोडण्या वापरते. एक बोलण्यासाठी: मी अमुक, हा पासवर्ड, यादी दे. दुसरी प्रत्यक्ष माल नेण्यासाठी. जुन्या पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्याकडे उघडतो. पण मोबाइल नेटवर तुमचा फोन एका मोठ्या कंपाउंडच्या आत असतो, शेकडो फोन एकाच बाहेरच्या पत्त्यामागे. बाहेरून सर्व्हर आला तरी त्याला गेटवरच अडवतात, कारण आत नेमकं कोणाकडे जायचं ते गेटला माहीत नाही. म्हणून पॅसिव्ह मोड. त्यात दुसरी जोडणीसुद्धा तुम्हीच आतून बाहेर उघडता. सेटिंगमध्ये पॅसिव्ह करा, बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. एसएफटीपीत ही भानगडच नाही, तिथे सगळं एकाच जोडणीतून जातं. हेही एक कारण मी तिचा आग्रह धरतो.

सर्व्हर आकड्यांत बोलतो, त्यातले थोडे ओळखीचे करून घ्या. 230 म्हणजे आत आलात. 226 म्हणजे फाइल पोचली. 530 आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय, कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा आली का बघा. 425 म्हणजे ती दुसरी जोडणी झाली नाही, म्हणजे वरचा पॅसिव्हचाच मामला. 550 म्हणजे फाइल सापडत नाही किंवा परवानगी नाही. 552 म्हणजे तुमची भाड्याची जागा भरली. परवानगीवरून सांगतो, फाइलींना 644 आणि फोल्डरना 755 ठेवा. नेटवर कोणी तरी हमखास सांगतो, "777 करून टाक, सगळं चालतं." चालतं, कारण घराचं दार काढून ठेवलं की कोणालाच कडी वाजवावी लागत नाही. करू नका.

आता ते उतरवण्याचं. बहुतेक लोक एफटीपीला फक्त चढवायचं साधन समजतात. आमच्या गावाच्या पहिल्या साइटच्या वेळी कोणाकडे ती चार ओळींची माहिती असती, तर मुदत संपायच्या आधल्या दिवशीसुद्धा पब्लिक एचटीएमएल फोल्डर डावीकडे ओढून अख्खी साइट घरी आणता आली असती. जत्रेच्या फोटोंसकट. फक्त एक लक्षात घ्या: वर्डप्रेसची साइट असेल तर एफटीपीनं फोटो आणि थीम येतात, लेखांचा मजकूर येत नाही. तो डेटाबेसमध्ये वेगळा असतो आणि तो होस्टिंगच्या पॅनलमधून एक्स्पोर्ट करावा लागतो. याच कारणानं आम्ही वर्डप्रेस घेतलंच नाही. साधी एचटीएमएल पानं केली. दिसायला जरा गरीब आहे आमची साइट, पण जे काही आहे ते एका फोल्डरमध्ये आहे. उद्या हा होस्टिंगवाला बंद पडला तर तेच फोल्डर दुसऱ्याकडे चढवू, तासाभराचं काम.

"यूट्यूबवर का नाही टाकत?" हेही बऱ्याच जणांनी विचारलं. टाकतो ना, तिथेही टाकतो. लोक तिथे आहेत. पण तिथला नियम बदलला, खातं बंद झालं, तर आपण काय करणार? जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी आपली पानं फुकट बांधली होती, ती सेवा ऑक्टोबर 2009 मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे फाइली होत्या त्यांनी दुसरीकडे नेल्या.

आमच्याकडे आता तो पासवर्ड तिघांकडे आहे, आणि एका बंद पाकिटात लिहून वाचनालयाच्या कपाटात आहे. ग्रुपमधून कोणी बाहेर गेलं की पासवर्ड बदलतो आणि पाकीटही. वाचनालयाच्या काकाजींना एफटीपी म्हणजे काय ते माहीत नाही. पण पाकिटावर होस्टिंगच्या मुदतीची तारीख लिहिली आहे, आणि तारखा ते कॅलेंडरवर चढवून ठेवतात.

41 पैकी 29 गाणी चढली आहेत. उरलेल्या 12 चे शब्द अजून तपासून व्हायचे आहेत, त्यातल्या तीन-चार शब्दांचा अर्थ आम्हाला लागत नाही. लाखांदूर, अर्जुनी, लाखनीकडच्या कोणाच्या घरी रोवणीची गाणी म्हणणाऱ्या आजी, मावशी असतील तर त्यांना विचारून सांगा, आणि जमलं तर त्यांचीही रेकॉर्ड करून ठेवा.

पुढच्या भागात डोमेन कोणाच्या नावावर असावं, नूतनीकरण कसं करायचं आणि मुदत संपल्याचे खोटे मेल कसे ओळखायचे, हे बघू. तोपर्यंत तुमचं काम कोणत्या आकड्यावर अडलंय ते कळवा. स्क्रीनशॉट पाठवा, चालेल. त्यात पासवर्ड दिसत नाही ना, एवढं पाठवण्याआधी बघा.